लायलॅकची भावकी आणि नागपूरचे परस : प्रस्तावना

जुन्या घरांच्या अंगणांत आणि परसांत पिढ्यान्‌पिढ्या उभ्या असलेल्या सुगंधी झुडपांची जोपासना हा या पुस्तकाचा विषय आहे. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे नेणाऱ्या नागपूरसारख्या शहरात बसून या विषयाचा आरंभ लायलॅक या थंड मुलखातील झुडपापासून का करावा, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक असल्यामुळे, प्रथम तिचेच निरसन करणे उचित होईल. पाश्चात्त्य कथा-कादंबऱ्यांतून आणि त्यांच्या भाषांतरांतून लायलॅकचे नाव आपल्या वाचनात वारंवार येते; त्याच्या जांभळ्या घोसांची चित्रे पाहून ते आपल्याही दारी असावे अशी इच्छा अनेकांना होते. ते येथे लावावे काय, न लावावे तर कोणत्या कारणास्तव, आणि त्याच्या जागी कशाची योजना करावी, या तीन प्रश्नांची नीट तड लावू गेल्यास घरगुती बागकामाची बहुतेक मूलतत्त्वे आपोआप हाती येतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून ही वाट मी बुद्ध्याच स्वीकारली आहे.

लायलॅक मूळचे बाल्कन द्वीपकल्पातील डोंगराळ, खडकाळ उतारांचे. तुर्कांनी ते आपल्या बागांत आणले, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास सुलतान सुलेमानच्या दरबारी सम्राटाचा वकील म्हणून राहिलेल्या ऑजियर बुस्बेक या विद्वान मुत्सद्द्याने ते कॉन्स्टँटिनोपलहून व्हिएन्नास नेले, असे परंपरेने मानले जाते. तेथून ते पश्चिम युरोपभर पसरले. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील नान्सी येथे व्हिक्टर लमवान या रोपवाटिकाकाराने संकराच्या चिकाटीच्या प्रयोगांनी त्याचे अनेक नवे, दुहेरी पाकळ्यांचे प्रकार निर्माण केले. परंतु या सर्व राजमान्य इतिहासापेक्षा मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्याची दुसरी, अलिखित वाटचाल. मुळांपासून फुटणारे धुमारे काढून एका घरातून दुसऱ्या घरात दिले जावेत, नववधूने किंवा स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाने ते बरोबर न्यावेत, अशा रीतीने हे झुडूप समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले. तेथील न्यू हॅम्पशायर संस्थानाने १९१९ साली त्याला आपले राज्यपुष्प ठरवले. आणि त्या प्रदेशात घर पडून केवळ जोत्याचे दगड उरले असता, शंभर वर्षांपूर्वीच्या गृहिणीने दाराशी लावलेले लायलॅक तेवढे फुलत राहिल्याची उदाहरणे सर्वश्रुत आहेत.

अशा या दीर्घायुषी झुडपाची एकच अट आहे, आणि ती अशी की तिच्यात तडजोड नाही. फुले येऊन गेली की त्याच उन्हाळ्यात ते पुढील वर्षाच्या कळ्या जुन्या लाकडावर धरते. या कळ्या हिवाळ्यात निद्रिस्त होतात, आणि कित्येक आठवडे गोठणबिंदूच्या आसपासची थंडी सोसल्यावाचून त्यांची निद्रा पुरती मोडत नाही. थंडी अपुरी पडली तर कळ्या अर्धवट जाग्या होतात, पाने विरळ फुटतात, आणि झुडूप दोन-चार वर्षांत खंगत जाते. आपल्या देशात त्याचा सख्खा भाऊ, म्हणजे हिमालयी लायलॅक, आहे. पण तो काश्मीरपासून कुमाऊँपर्यंतच्या पर्वतांत सुमारे २००० मीटरच्या वर राहतो. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर उंच. येथे पौष-माघात पहाटे हुडहुडी भरते, पारा क्वचित एक आकडी होतो; तथापि दुपार होताच ऊन पुन्हा ऊबदार होते, आणि लायलॅकला हवी ती अखंड, निबर थंडी या शहराच्या वाट्याला कधीच येत नाही. नवलाची गोष्ट ही की आपली चुनखडीयुक्त माती त्याला रुचण्यासारखी आहे. हवा मात्र त्याची नाही. सबब, मैदानी विदर्भात लायलॅक लावण्याच्या फंदात कोणी पडू नये, हे मी प्रारंभीच निःसंदिग्धपणे नमूद करतो.

येथे विषय संपला असता, जर लायलॅकला भावकी नसती. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची गणना ज्या कुळात केली आहे ते ऑलिव्हचे कूळ होय. आणि त्याच कुळात आपला मोगरा आहे, जाई आहे, जुई, कुंद आणि सायली आहे, आणि दीर्घ काळ कोणत्या कुळात घालावा याविषयी शास्त्रज्ञांत वाद चालून अखेर त्याच घरी स्थिरावलेला पारिजातकही आहे. या नात्याचा पुरावा कोणालाही डोळ्यांनी पाहता येईल : पाकळ्या चार असोत, पाच असोत की आठ, या सर्वांच्या नळीसारख्या फुलात पुंकेसर दोनच असतात. फिकट, लहान, पुंजक्यांनी येणारी फुले आणि त्यांच्या आकाराच्या मानाने अपार वाटावा असा सुगंध, हा या घराण्याचा वारसा थंड मुलखात लायलॅककडे गेला आणि उष्ण मुलखात मोगऱ्या-पारिजातकाकडे आला. ज्याला नागपुरात लायलॅक हवे आहे त्याला वास्तविक या वारशाचीच ओढ असते, आणि तो त्याच्या आजीच्या परसात पूर्वीपासून नांदत होता.

हे परस कसे होते, याचा थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याने १७०२ च्या सुमारास वसवलेले हे नगर पुढे भोसल्यांची राजधानी झाले, आणि त्यांच्या अमदानीत तलाव व बागा यांची जोडी नागपूरच्या रचनेचा एक भागच बनली. महाराजबाग, तुळशीबाग, सक्करदरा, तेलंगखेडी ही नावे आजही त्या काळची साक्ष देतात. भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याचे मुख्य ठिकाण झाले, आणि १९५६ पर्यंत ते या ना त्या स्वरूपात राजधानीच राहिले. या काळात शहरात दोन प्रकारच्या बागा शेजारी शेजारी नांदल्या. सिव्हिल लाइन्समधील बंगल्यांच्या प्रशस्त आवारांत विलायती हंगामी फुलांचे ताटवे हिवाळ्यापुरते उमलत आणि फाल्गुनाच्या उन्हात करपून जात. तर महाल या वस्तीतल्या वाड्यांत विहिरीच्या थारोळ्याकडून वाहणाऱ्या पाण्यावर मोगरा, जाई, तगर, जास्वंद आणि कण्हेर यांचा बारमाही कारभार बिनबोभाट चाले. १९०६ साली येथे कृषी महाविद्यालय स्थापन झाले आणि महाराजबागेच्या परिसरात बागशास्त्राचे रीतसर शिक्षण सुरू झाले. परंतु वाड्यातल्या गृहिणीला आणि तिच्या माळ्याला जे ठाऊक होते ते पुस्तकांत फारसे आले नाही. ते उतरवून ठेवावे, हा या लेखनामागील मुख्य हेतू आहे.

या ज्ञानाचा गाभा असा की, प्रत्येक झुडूप वर्षातला एक खडतर काळ मागते, आणि तो सोसल्यानंतरच फुलते. लायलॅक थंडी मागते. मोगरा तहान मागतो. ज्यांनी संत्र्याचे बगीचे पाहिले आहेत त्यांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कारण आंबिया किंवा मृग बहर धरायचा तर झाडाचे ओलित काही काळ तोडून त्याला ताण द्यावा लागतो, आणि मग खत-पाणी देताच फांदी फुलांनी भरते, हे आमच्या भागातील शेतकऱ्याला तोंडपाठ असते. मोगऱ्याचाही हाच दस्तूर आहे. मार्गशीर्षाच्या सुमारास त्याचे पाणी हळूहळू कमी करावे, जमीन सुकू द्यावी, पौषात जुन्या फांद्या निम्म्यावर छाटून उरलेली पाने खुडून टाकावीत, आळे उकरून मुळांना काही दिवस ऊन दाखवावे, आणि नंतर चांगले कुजलेले शेणखत भरून भरपूर पाणी सोडावे. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर येते. म्हणून छाटणीत हात आखडणाऱ्याला हिरवी गच्च झुडपे मिळतात, फुले मिळत नाहीत. हा बंदोबस्त नीट झाला तर चैत्रात, म्हणजे घरोघरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू, कैरीची डाळ आणि पन्हे यांची लगबग सुरू होते त्या वेळी, पहिला बहर बरोबर हजर होतो, आणि नवतपाच्या भट्टीतही तो खंडत नाही. इतर फुले माना टाकतात त्याच दिवसांत माठातल्या पाण्यात चार कळ्या सोडण्याची सोय हे झुडूप करते. फिलिपाइन्सने १९३४ साली याच मोगऱ्याला आपले राष्ट्रीय फूल केले आणि चिनी लोक चहाच्या पत्तीला याच कळ्यांचा वास देतात, हे कळल्यावर आपल्या कुंपणालगतच्या या झुडपाकडे पाहण्याची दृष्टी अधिक विस्तृत व्हावी.

पारिजातकाची रीत निराळी. तो मध्य भारताच्या शुष्क, पानझडी अरण्यांत खडकाळ उतारांवर आपण होऊन उगवणारा, म्हणजे या भूमीचा मिरासदार आहे. समुद्रमंथनाची आणि सत्यभामा-रुक्मिणीची कथा त्याला स्वर्गातून आणते, परंतु वनस्पतीचा दाखला पाहिला तर तो आपल्याच रानातून वाड्यात आला असे म्हणावे लागते. चौकोनी फांद्या, वाळूच्या कागदासारखी खरखरीत पाने, चपटे द्विदल फळ आणि त्यात दोन बिया, ही त्याची खूण. उन्हाळ्यात तो जवळजवळ निष्पर्ण होतो, मृगाच्या पावसाने पालवतो, आणि श्रावण-भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत रोज सायंकाळी उमलून पहाटे फुले जमिनीवर सांडतो. भूमीवर पडलेले फूल देवाला वाहू नये हा सर्वसाधारण नियम असता या एका झाडाच्या बाबतीत तो शिथिल करण्यात आला. आणि चातुर्मासात मोजून मोजून एक लक्ष फुलांची लाखोली वाहण्याचा नेम जुन्या स्त्रिया याच झाडाच्या भरवशावर करीत. विदर्भात महालक्ष्म्यांच्या दिवसांत आणि पुढे भुलाबाईच्या गाण्यांच्या पंधरवड्यांत परसाच्या जमिनीवर पसरलेला हा पांढरा-केशरी सडा ज्यांनी लहानपणी ओंजळींनी वेचला, त्यांना त्या ऋतूची वेगळी ओळख लागत नाही. लिनियसने त्याला दिलेल्या शास्त्रीय नावात दुःखी वृक्ष असा आशय आहे. मला मात्र रात्रीतून आपले सर्वस्व देऊन सकाळी पुन्हा कळ्यांनी भरलेल्या या झाडात दुःखाचा लेशही दिसत नाही.

त्याचे उपयोगही लक्षात घेण्याजोगे आहेत. फुलाच्या केशरी देठापासून पूर्वी रेशमी वस्त्रे पिवळी रंगवीत, आणि केशराला रंग देणाऱ्या द्रव्याशी त्या रंगाचे रासायनिक नाते आहे, हे पुढे सिद्ध झाले. आयुर्वेदात त्याच्या पानांचा काढा गृध्रसीवर, म्हणजे कमरेपासून पायात उतरणाऱ्या वेदनेवर, सांगितला आहे. परंतु औषधयोजना वैद्याच्या सल्ल्यानेच करावी. बागेच्या दृष्टीने त्याला दोन गोष्टी अवश्य द्याव्यात : पाणी साचणार नाही अशी किंचित उंच जागा, आणि बी धरून झाल्यावर माघ-फाल्गुनात मापाची छाटणी. खाली फरसबंदी करू नये. सारवलेली किंवा झाडून स्वच्छ ठेवलेली माती असली म्हणजे फुलेही निर्मळ राहतात आणि बियाही रुजतात.

जाई, जुई आणि कुंद यांचा परामर्श पुढे स्वतंत्र प्रकरणांत घेतला असल्यामुळे येथे एवढेच सांगतो की, मोगरा उन्हाळ्याचा, जुई-जाई पावसाळ्याच्या, पारिजातक शरदाचा आणि कुंद हिवाळ्याचा अशी ऋतूंची वाटणी या एकाच कुळाने आपसांत करून घेतली आहे, आणि पाच झुडपांची जागा असलेल्या घराला वर्षभर सुगंधाची ददात पडू नये. या परंपरेचे मूळ किती खोल आहे हे पाहायचे तर फार दूर जाण्याचे कारण नाही. नागपूरचे थोर संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातील रामगिरी म्हणजे आपले रामटेकच होय असा पक्ष साधार मांडला. आणि त्या गिरीवरून निघालेल्या मेघाला यक्ष जी कामे सांगतो, त्यांत नदीतीरावरील उद्यानांतल्या जुईच्या कळ्यांवर नव्या जलाचे शिंपण करण्याचे आणि फुले वेचणाऱ्या स्त्रियांच्या घामेजल्या मुखांना क्षणभर सावली देण्याचे कामही आहे. पुढे अलकानगरीतील स्त्रियांच्या अलंकारांत कुंद आणि कोरांटी येतात. महाकवीने मेघाच्या प्रवासाचा मार्ग आखताना जिची आठवण ठेवली ती जुई आज आपल्या कुंपणावर न दिसावी, ही स्थिती मला खेदाची वाटते.

आता जमिनीविषयी. नागपूर शहर दोन भूस्तरांच्या सीमेवर वसले आहे : पश्चिमेस दख्खनच्या काळ्या पाषाणाची हद्द संपते आणि पूर्वेस त्याहून पुरातन खडक लागतो. पश्चिमेकडील वस्त्यांत बहुधा काळी, चिकण, उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी माती आढळते. वर्षाकाठी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे अशा मातीत नुसता खड्डा करून रोप लावणे म्हणजे त्याची मुळे चिखलात कोंडणे होय. दोन फूट खोल व तितकाच रुंद खड्डा उन्हाळ्यात खोदून तापू द्यावा, तळाशी विटांचे तुकडे व मुरूम घालावा, आणि वर माती, रेती व शेणखत यांचे मिश्रण भरून रोप मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर लावावे. या मातीत चुन्याचा अंश असल्यामुळे मोगरा आणि अनंत यांची कोवळी पाने पुष्कळदा पिवळी पडून शिरा मात्र हिरव्या राहतात. जमिनीत लोह असूनही चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही, हे त्याचे कारण. कुजलेले सेंद्रिय खत आणि बेताने दिलेला हिराकस हा त्यावरील उपाय. पाण्यावर पाणी ओतून हा पिवळेपणा जात नाही, उलट वाढतो.

छाटणीबाबत एकच नियम सर्व झुडपांना लावणे हा मोठा दोष आहे. लायलॅक जुन्या लाकडावर फुलते, म्हणून त्याची छाटणी फुले संपताच करतात. हिवाळ्यात केली तर पुढील बहरच कापला जातो. याच्या उलट, अमेरिकेच्या उष्ण दक्षिण भागात ज्याला दक्षिणेचे लायलॅक म्हणून गौरवतात आणि हिंदी मुलखात ज्याला सावनी म्हणतात, ते चुरगळलेल्या रेशमासारख्या गुलाबी-जांभळ्या फुलांचे झुडूप नव्या फुटीवर फुलते. त्यास हिवाळ्यात छाटणे हिताचे. ज्यांना लायलॅकच्या रंगाचेच विशेष आकर्षण आहे त्यांनी निःशंकपणे सावनी लावावी. तिला सुगंध नाही, पण आमचा उन्हाळा ती हसतमुखाने सोसते. तसेच ज्यांच्या घरी संत्र्याची किंवा लिंबाची झाडे आहेत त्यांनी कामिनी लावताना विचार करावा. ती संत्र्याच्याच कुळातली असून सिट्रस सायला या रोगवाहक किडीला तिच्या कोवळ्या पालवीत आश्रय मिळतो.

शेवटी या झुडपांच्या भवितव्याविषयी दोन शब्द लिहिणे मला कर्तव्य वाटते. वाडे पाडून तेथे सदनिकांच्या इमारती उभ्या राहत आहेत, धरमपेठेसारख्या जुन्या वस्त्यांतील बंगल्यांची आवारे वाहनतळांसाठी फरसबंद होत आहेत, आणि या उलाढालीत मालमत्तेच्या प्रत्येक वस्तूची नोंद होते, पण कोपऱ्यातल्या पन्नास वर्षांच्या मोगऱ्याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. हानी किती मोठी आहे हे एका साध्या वस्तुस्थितीवरून ध्यानात येईल. आपला बागेतला मोगरा बी धरतो असे क्वचितच घडते. याचा अर्थ असा की आज नागपुरात जो जो मोगरा उभा आहे तो कोणा ना कोणा जुन्या मोगऱ्याची, मनुष्याच्या हाताने दाब देऊन अथवा छाट लावून वेगळी केलेली फांदी आहे. रानात त्याला दुसरा आसरा नाही, पक्षी त्याचे बी नेत नाहीत, वारा त्याचा वंश चालवत नाही. शेजारणीने शेजारणीला, आईने सासरी निघालेल्या मुलीला फांदी दिली, एवढ्याच एका वहिवाटीवर तो शतकानुशतके तगला आहे. ही देवघेव ज्या पिढीत थांबेल त्या पिढीत त्या त्या घराचा मोगरा निर्वंश होईल.

म्हणून या पुस्तकाची रचना करताना मी लागवडीइतकेच महत्त्व अभिवृद्धीला दिले आहे. प्रत्येक झुडपाच्या प्रकरणात त्याचा ऋतू, त्याची जमीन, छाटणी व रोग यांनंतर दाब कलम, छाट कलम अथवा बी यांपैकी कोणती रीत अनुकूल आहे हे सविस्तर सांगितले आहे. आणि ज्यांच्यापाशी गच्चीवरच्या कुंड्यांपलीकडे जागा नाही अशांसाठी मोगरा, कुंद व जुई कुंडीत कशी राखावी याचे विवेचन शेवटच्या प्रकरणात केले आहे. वाचकांकडे माझा अर्ज एवढाच : ज्यांच्या दारी जुने झुडूप आहे त्यांनी येत्या मृगात त्याच्या दोन फांद्या जमिनीकडे वाकवून, मधल्या भागाची साल किंचित खरवडून, मातीत दाबाव्यात व वर एक वीट ठेवावी. पाऊस सरेपर्यंत मुळे धरतात. दसऱ्याच्या सुमारास त्या तोडून घ्याव्यात, एक आपल्यासाठी ठेवावी, आणि दुसरी ज्याच्या घरी मोगरा नाही अशा शेजाऱ्यास, ताण कसा द्यावा हे समजावून सांगून, द्यावी.

नागपूर